उजवीकडचं दार

जुनी गाडी बाळगणारा माणूस ओळखायला गाडी बघावी लागत नाही. तो तुम्हाला 'बसा' म्हणत नाही, 'थांबा, मी सांगतो' म्हणतो. मग वळसा घालून तुमच्या बाजूला येतो आणि दीक्षा देतो. हँडल एकदम ओढायचं नाही. आधी दार थोडं आत ढकलायचं, मग किंचित वर उचलायचं, 'टक्' ऐकू आलं की ओढायचं. काच दोन बोटं कमी चढते, तेवढी हातानं वर सरकवायची. पट्टा लागतो, सोडवायचा मात्र मीच. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नसते, मालकी असते.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांनी तर ही दीक्षा घाऊक प्रमाणात दिली. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या त्या गाड्यांपैकी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तोवर किमान तीन पिढ्यांनी मीटर पडायच्या आधी दोन आज्ञा ऐकल्या. पहिली, 'शेठ, दरवाजा धीरे से.' आणि धीरे से लावल्यावर लगेच दुसरी, 'लगा नहीं, जोर से मारो.' या दोन्हींच्या मधला नेमका जोर ज्याला सापडला, तो मुंबईकर झाला. पद्मिनीच्या आधीच्या जुन्या फियाटचे पुढचे दरवाजे तर उलटे उघडायचे, बिजागऱ्या मागच्या खांबाला. उतरायला ऐसपैस, पण चालत्या गाडीत दार सुटलं की समोरचा वारा ते मिटवण्याऐवजी सताड उघडायचा. त्यामानाने न उघडणारं दार हे मी सुरक्षिततेचंच लक्षण मानतो. निदान मानत होतो.

आमची गाडी २००४ ची, कोल्हापूरची. कंपनीचं नाव सांगत नाही. इतक्या वर्षांत आम्ही तिचं जे काही केलंय, त्यात कंपनीचा दोष नाही. शिवाय ती पुरात राहिलेली आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये नदीनं ५५ फूटही मागे टाकले आणि आमच्या गल्लीत आली. आम्ही टीव्ही वर नेला, मिक्सर वर नेला, लोणच्याच्या बरण्या वर नेल्या. गाडी वरच्या मजल्यावर नेता येत नाही, हे सगळे जिन्यात पोचल्यावर लक्षात आलं. पाणी दारांच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि बरेच दिवस राहिलं. ओसरल्यावर गाडी धुतली, वाळवली, इंजिन उघडून पुन्हा बसवलं, आणि ते सुरू झालं तेव्हा ज्यांची गाडी नव्हती त्यांनीही पेढे खाल्ले. दारांच्या पोटात काय राहिलंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. दारालाही पोट असतं, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं.

पुढे एका सकाळी ड्रायव्हरच्या दाराचं हँडल सहज वर आलं. इतकी वर्षं कुरकुरणारं हँडल त्या दिवशी एकदम आज्ञाधारक झालं. वर केलं की वर, सोडलं की खाली. दाराशी त्याचा काही संबंध उरला नव्हता, एवढंच. आतलं हँडलही ओढून बघितलं. ते ओढलं की नुसतं ओढलं जायचं.

शहाण्या माणसानं गाडी तशीच गॅरेजला नेली असती. पण डावीकडचं दार उघडत होतं ना! तिकडून शिरायचं, हँडब्रेकवरून एक पाय टाकायचा, गिअरच्या दांड्याला वंदन करायचं आणि धप्पकन उजवीकडे बसायचं. माझ्या वयाच्या आणि घेराच्या माणसाला हे जमतं याचा मला पहिल्यांदा अभिमानच वाटला. व्यायाम म्हणूनही बरं. हिची मात्र पंचाईत होती. मी शिरेपर्यंत हिनं रस्त्यावर पर्स धरून उभं राहायचं, मग बसायचं. पोचल्यावर आधी हिनं उतरायचं, मग मी डोकं पुढे काढून बाहेर यायचं. लग्नकार्याला गेलो की दारातले लोक हिच्याकडे बघून हसायचे, मग माझं डोकं आल्यावर हसायचे थांबायचे. "लोकांना वाटतं मी तुम्हाला डिकीतून आणलंय," ही म्हणाली.

ताराराणी चौकात एकदा हवालदारांनी बाजूला घेतलं.

"साहेब, खाली उतरा."

मी डावीकडे सरकू लागलो.

"तिकडं कुठं पळताय? इकडनं उतरा की!"

"इकडनं उतरता येत नाही."

"का?"

"दार उघडत नाही."

हवालदारांचा चेहरा एकदम बदलला. त्यावरचा कायदा गेला आणि कुतूहल आलं. पावत्यांचं यंत्र त्यांनी माझ्याच टपावर ठेवलं, बाह्या वर केल्या. "ह्याला जोर न्हाई चालत साहेब, युक्ती लागते," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी जो जोर लावला, त्यानं गाडी फूटभर सरकली. मागे रिक्षा खोळंबल्या. एक रिक्षावाला उतरून आला. तोही म्हणाला, युक्ती लागते. मग दोघांनी मिळून जोर लावला. शेवटी सिग्नल तीनदा पडला तेव्हा हवालदार घाम पुसत म्हणाले, "जावा. पण दाखवून घ्या हां." मला कशासाठी थांबवलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनाही आठवलं नसावं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट जाणवली. रस्त्यात माणूस पडलेला असला तर लोक जरा विचार करून थांबतात. अडकलेलं दार दिसलं की विचार करत नाहीत. अडकलेलं दार हे पुरुषजातीला मिळालेलं जाहीर आव्हान आहे. प्रत्येकाची खात्री असते, आजवर ज्यांनी प्रयत्न केला त्यांच्यात काहीतरी कमी होतं.

आणि मग गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्यानं करायची, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा. एप्रिल २०२२ पूर्वी याला ६०० रुपये पडत, तेव्हापासून ५,००० पडू लागले. वर पर्यावरण कर. एवढे पैसे भरून आरटीओच्या आवारात निरीक्षकांसमोर डावीकडून रांगत बाहेर यायचं, हे काही बरं दिसत नव्हतं. दार उघडायचं ठरलं.

ठरलं तसं गल्लीला कळलं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अण्णा लेंग्यावरच आले. त्यांचं निदान, ग्रीस वाळलंय, खोबरेल तेल सोडा. समोरचे बापू म्हणाले, खोबरेल थंडीत गोठतं, रॉकेल सोडा. रॉकेल आता कुठे मिळतं, यावर अर्धा तास गेला. वरच्या मजल्यावर पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त अभियंता राहतात. त्यांनी वहीच्या पानावर दाराचा छेद काढला. छेद सुरेख होता. फक्त तो धरणाच्या दाराचा होता.

"चाइल्ड लॉक लागलं असेल," दूधवाला म्हणाला.

"ड्रायव्हरच्या दाराला चाइल्ड लॉक नसतं."

"आमच्या पाव्हण्याच्या गाडीला होतं."

यावर काय बोलणार? पुण्याहून मेव्हण्यानं व्हिडिओ कॉल केला. "दाजी, कॅमेरा जरा खाली घ्या. अजून खाली. हां, आता दाराकडे न्या, तुमच्या पोटाकडे नको." त्यानं इंटरनेटवर तीन व्हिडिओ पाहिले होते, तिन्ही गाड्या अमेरिकेतल्या होत्या आणि तिन्हींचं स्टिअरिंग डावीकडे. तो सांगेल त्याच्या बरोबर उलट आम्ही करायचं असं ठरलं. थोड्या वेळानं कोण कुणाच्या उलट करतंय, हेच कळेना.

आता हे कुलूप असतं काय, ते मी बिघाडामुळेच शिकलो. दाराच्या कडेला आत एक आकडा असतो. दार मिटलं की तो खांबावरच्या लोखंडी कडीला मिठी मारतो आणि दुसरा एक दात त्या आकड्याला सुटू देत नाही. आपण हँडल उचलतो तेव्हा एक बारीक सळई त्या दाताला बाजूला करते. बस, एवढंच. पण ही मिठी साधी नाही. मोटारीच्या दारांसाठीच्या सुरक्षा नियमांत लिहिलंय की पूर्ण लागलेल्या कुलपानं ११,००० न्यूटनचा ओढा सोसायला हवा, म्हणजे अकराशे किलोंहून जास्त भार. दार अर्धवट लागलं असेल तरी ४,४५० न्यूटन. (अर्धवट लागलेल्या दाराची दुसरी सुरक्षाव्यवस्था म्हणजे आपले दुचाकीवाले. स्वतःचा साइड स्टँड खाली असलेला माणूस तुमच्या शेजारी येऊन 'काका, दार!' असं ओरडतो. कर्तव्यभावना एवढी की दार नीट लागेपर्यंत शेजारून हलत नाही.) थोडक्यात, गाडी धडकली, उलटली, कोलांट्या खाल्ल्या तरी सुटू नये म्हणून जगभरच्या अभियंत्यांनी डोकं लावून जे कुलूप बनवलं, त्याला आमचे अण्णा कमरेवर हात ठेवून लाथ मारत होते.

"ह्याला जोर नाही, युक्ती लागते," लाथांच्या मधल्या वेळात ते म्हणत होते.

मी बाजारातून डब्ल्यूडी-४० चा डबा आणला. या फवाऱ्याचा इतिहास मोठा आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये पाणी हटवून गंज रोखणारं द्रव्य शोधत होते, चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं, म्हणून नावात चाळीस. ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते वापरलं गेलं. मी हा इतिहास सर्वांना ऐकवला आणि दाराच्या फटीतून नळी घालून फवारा मारला. तो वरून आत गेला, खालून बाहेर आला आणि अण्णांच्या लेंग्यावर पडला. लेंगा अद्याप गंजलेला नाही.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की आतलं पॅनल काढावं. तिथे खरी गंमत कळली. कुलपाचे स्क्रू दाराच्या कडेला असतात, म्हणजे दार उघडलं तरच दिसतात. पॅनल सरळ काढायचं तर दार उघडं हवं. दार उघडायचं तर पॅनल निघायला हवं. पत्त्याच्या पुराव्याला पासबुक मागतात आणि पासबुकाला पत्त्याचा पुरावा, तसाच हा प्रकार. अभियंत्यांनी वही मिटली. "डिझाइनच असं आहे," म्हणून ते चहाला वर गेले.

ज्या कोल्हापूरनं आंदोलन करून शहरातला टोल घालवला, त्या गावाला एक खटका हलवेना.

मग उद्यमनगर. शिवाजी उद्यमनगर म्हणजे ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, ऑइल इंजिनं आणि कानठळ्या. तिथल्या माणसाला 'हा पार्ट आता मिळत नाही' असं सांगितलं तर तो हळहळत नाही, 'जाडी किती?' असं विचारतो. एका बोळात चाचांचं गॅरेज आहे. चाचा कमी बोलतात. मी सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं, हवालदारांपर्यंत आलो, तोवर त्यांनी दाराच्या खालच्या कडेवर बोटानं टिचक्या मारून कान दिला होता.

"पुरात हुती न्हवं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

उत्तर नाही. ते डावीकडून आत शिरले, इतक्या सहज की माझा व्यायामाचा अभिमान गेला. ड्रायव्हरची सीट मागे सारली. काच खालीवर करायच्या हँडलच्या मागे एक फडकं सरकवलं आणि दोन टोकं धरून करवतीसारखं ओढलं. 'टिंग' असा आवाज होऊन आतली तारेची क्लिप उडाली आणि अदृश्य झाली. गॅरेजमधली सगळी माणसं, मी धरून, खाली वाकली. क्लिप शेवटी चाचांच्याच खिशात सापडली. तिथे ती कशी गेली, याचं त्यांना काही नवल नव्हतं.

मग त्यांनी पॅनलची खालची कड धरून बाहेर ओढली. आतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तटातट मोडल्या. प्रत्येक आवाजाला माझा चेहरा पडत होता. "त्या मोडायलाच असत्यात," चाचा म्हणाले. पॅनल पुरतं निघालं नाही, पण एका कोपऱ्यात हात जाईल एवढं सुटलं. मागे डांबरासारख्या काळ्या चिकटानं लावलेला प्लॅस्टिकचा कागद होता. तो चिकट दाराला धरून होता, तसाच चाचांना लागला, मला लागला, मग माझ्या मोबाइलला. कागदाच्या मागे पत्र्याला भोक होतं. चाचांचा हात त्यात जाईना.

"ए बारक्या!"

बारक्या आला. त्याचा हात काटकुळा. त्यानं डोळे मिटले, हात दंडापर्यंत आत घातला आणि तोंड छताकडे करून तिथे असं काही शोधू लागला की आम्ही सगळे आपोआप गप्प झालो. सळई हँडलपासून सुटून खाली लोंबकळत होती. तिला हँडलशी जोडणारी नखाएवढी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती. ती का तुटली? तर आकडा आणि दात वाळलेल्या ग्रीसमध्ये आणि पुराच्या गाळात घट्ट बसले होते. ते हलेनात, मी हँडल ओढत राहिलो, आणि आमच्या दोघांत क्लिपचा जीव गेला.

"गावली!" बारक्या ओरडला.

"दाब. ओढू नगंस, दाब. सायेब, तुम्ही आत बसा आणि दाराला खांदा लावा."

मी खांदा लावला. बारक्यानं सळई दाबली. आतून 'कट्' असा आवाज आला, दार उघडलं आणि मी दारासकट उद्यमनगरात आलो.

दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती सगळी २०१९ च्या गाळानं बुजलेली होती. तेव्हापासूनचा प्रत्येक पावसाळा काचेच्या फटीतून आत उतरून तिथेच मुक्काम करत होता. गाळ खरवडला तसा त्यातून घराचा इतिहास निघू लागला. एक कंगवा, पार्किंगची पावती, मुलीची केसांची पिन, शिसपेन्सिलीचा तुकडा आणि पंचवीस पैशाचं एक नाणं.

"ते माझं," ही म्हणाली.

"पंचवीस पैसे २०११ सालीच बंद झाले."

"माझ्या हातातून पडले तेव्हा चालू होते."

नाणं पर्समध्ये गेलं.

आता ती क्लिप. चाचा म्हणाले, नवी मिळाली तर बघा. गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. गळ्यात टाय असलेल्या मुलानं संगणकात बघितलं. क्लिप सुटी येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल. बरं, असेंब्ली द्या. असेंब्ली बंद झाली. मग क्लिप? क्लिप असेंब्लीत येते. तो पुढे आदरानं म्हणाला, "सर, नवीन गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेता का?" भंगारवाल्याकडे गेलो तर त्याच्याकडे आमच्याच मॉडेलचं अख्खं दार होतं, लालभडक. "क्लिप काढून देत नाही. दार घ्या, क्लिप फुकट." पांढऱ्या गाडीला लाल दार लावून हिला माहेरी घेऊन जाण्याचं चित्र मी क्षणभर डोळ्यांसमोर आणलं आणि परत फिरलो.

चाचांनी सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा बोटभर तुकडा कापला, सळईच्या टोकावर चढवला, हँडलच्या भोकात बसवला आणि वरून तार पिळली. आकडा पेट्रोलनं धुऊन नवं ग्रीस भरलं.

"किती दिवस टिकेल चाचा?"

"गाडीपरीस जास्त."

आरटीओच्या आवारात मी उजवीकडून उतरलो. राजरोस. निरीक्षकांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवायला सांगितला, वायपर पाहिले, चॅसी नंबर ताडून पाहिला. दाराकडे बघायला तयार नाहीत. मी उगाच दार उघडून मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं.

"गरम होतंय का काका?" त्यांनी विचारलं. "सावलीत थांबा हवं तर."

गल्लीत परतल्यावर श्रेयाची वाटणी झाली. अण्णा म्हणाले, ग्रीसच होतं, मी पहिल्या दिवशी बोललो. बापूंच्या मते पेट्रोल काय आणि रॉकेल काय, एकाच विहिरीतून निघतं. मेव्हण्याचा मेसेज आला की व्हिडिओत हेच दाखवलं होतं, दाजींनी कॅमेरा नीट धरला नाही. दूधवाला तेवढा प्रामाणिक निघाला. त्यानं विचारलं, "मग चाइल्ड लॉक काढून टाकलं न्हवं?"

गेल्या आठवड्यात आम्ही पेट्रोल पंपावर रांगेत होतो. पुढे एक जुनी, आमच्याहून थोरली गाडी. तिचे मालक बाहेर उभे राहून मागचं दार ओढत होते आणि आत त्यांच्या मातोश्री शांतपणे बसल्या होत्या. माझे पाय आपोआप निघाले.

"राहू द्या, मी बघतो."

"नको, नको. होईल."

"अहो सरका. ह्याला जोर नाही, युक्ती लागते."

मी बाह्या वर केल्या, डावा पाय त्यांच्या चाकाला टेकवला आणि ओढलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा ओढलं आणि हँडल माझ्या हातात आलं. मालक त्या हँडलकडे बघत राहिले. आतून मातोश्री म्हणाल्या, "चाइल्ड लॉक लागलंय रे. पुढच्या वेळी आधी मला विचार." आणि हात बाहेर काढून त्यांनी बाहेरून दार कसं उघडायचं ते मला समजावून सांगायला सुरुवात केली, पण बाहेरून उघडायला आता हँडल नव्हतं.

मागून हिची हाक आली, "आपला नंबर आला! येताय का?"

"आलोच!" मी म्हटलं, आणि मालकांना विचारलं, "सायकलची व्हॉल्व्हट्यूब आहे का हो जवळ कुठे?"

"मी रिक्षानं जाते," ही म्हणाली.